मुंजाजीरावांची गॅलरी

“खाजाभाई, एक बल्ली जरी हलवली ना, तर पुन्हा माझ्या कुठल्याही साइटवर दिसायचं नाही. मी निघालेय. पोचेपर्यंत हात लावू नका.”

“म्याडम, मंडपवाले येऊन बसलेत. मालक म्हणायलेत, काढा. मी काय सांगू त्यायला?”

“सांगा, म्याडमचं डोकं फिरलंय. पण काढू नका.”

फोन तिथंच तुटला. गंगाखेड सोडलं की रेंज येते नि जाते. गाडी बाजूला घेऊन परत लावला, लागेना. पुन्हा लावला, तरी लागेना. मग फोन सीटवर आपटला आणि सोनपेठचा रस्ता धरला. पुढे कडब्याचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, ओव्हरटेकला जागा नाही. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते. ट्रॅक्टरवाल्यानं वळून बघितलं आणि गाणं आणखी मोठं केलं.

मी परभणीत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घर दिसायला कसं हवं ते आर्किटेक्ट ठरवतो. ते उभं कसं राहील ते मी ठरवते. खांबात किती लोखंड, बीम किती खोल, स्लॅब किती जाड, हे सगळं ड्रॉइंगवर काढून द्यायचं आणि साइटवर तसं होतंय का ते बघायचं. स्वभाव तापट आहे. घरचे म्हणतात, तुझ्या बोलण्यात सिमेंट कमी नि खडी जास्त. असेल.

मुंजाजीराव हे माझे क्लायंट. सोनपेठच्या अलीकडे त्यांचं गाव. बऱ्यापैकी शेती, नदीकाठचा ऊस, मोकळा हात आणि मोठी भावकी. मुलगी शीतल, तिचं लग्न नव्या घरासमोर मांडव घालूनच करायचं, हा त्यांचा हट्ट. घर म्हणजे खाली चार खोल्या, वर मोकळी गच्ची, आणि गच्चीचाच एक भाग अंगणावर चार फूट पुढे काढलेला. त्याला ते गॅलरी म्हणायचे. त्या गॅलरीचा त्यांना भारी सोस. “परण्या निगाला की बायायनी तिथून बगावं,” असं त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. परण्या म्हणजे लग्नाआधी मारुतीच्या पारावरून निघणारी नवरदेवाची मिरवणूक.

स्लॅब ओतून महिना झाला होता. स्लॅब ओतताना खाली फळ्या टाकतात आणि फळ्यांना उभे लाकडी वासे टेकू म्हणून लावतात. त्याच आमच्याकडच्या बल्ल्या. काँक्रीट पुरतं घट्ट होईपर्यंत सगळं ओझं त्यांच्यावर. घरातल्या बल्ल्या निघाल्या होत्या. गॅलरीखालच्या मात्र मी ठेवायला लावल्या होत्या, कारण पुढे आलेला भाग सगळ्यात शेवटी मोकळा करायचा असतो. त्या दिवशी सेंट्रिंगचे ठेकेदार खाजाभाई त्याच काढणार होते, आणि तशी परवानगी मी स्वतःच आदल्या दिवशी फोनवर दिली होती.

मग सकाळी चहा पिता पिता मोबाइलवर शीतलच्या लग्नाची पत्रिका आली. हल्ली पत्रिका म्हणजे व्हिडिओ असतो. गणपती, सनई, नावं, आणि शेवटी हौसेनं टाकलेले नव्या घराचे फोटो. त्यात एक स्लॅबच्या दिवसाचा. मी तो बघितला, पुढे गेला, मी मागे आणला, थांबवला आणि बोटांनी मोठा केला.

आमच्याकडे स्लॅबचा दिवस म्हणजे सणच. मिस्त्रीला टॉवेल-टोपी, मजुरांना जेवण, नारळ, गुलाल. फोटोत सगळी भावकी गॅलरीवर उभी होती. काँक्रीट अजून पडायचं होतं. पायाखाली नुसती सळयांची जाळी. पुरुष टोप्या घालून, बायका पदर सावरून, पुढे लेकरं, मधोमध मुंजाजीरावांची थोरली बहीण हातात फुटका नारळ घेऊन. चेहरे इतके खुशीत की काय सांगू. आणि त्यांच्या पायांखाली जी जाळी फळीपासून चांगली वर उचललेली असायला हवी होती, ती फळीला चिकटली होती.

चहा तसाच राहिला.

यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून सांगते. काँक्रीट दाबलं तर दगडासारखं, ताणलं तर पापडासारखं. ताण त्याला सोसत नाही. तो सोसायला आत लोखंड घालतो. पण लोखंड जिथे ताण येणार तिथेच पाहिजे. खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी टेकलेला असतो, तो मधे झोळीसारखा खाली वाकू बघतो. ताण येतो खालच्या अंगाला, म्हणून तिथे सळई खाली. गॅलरीचं उलटं. ती एका बाजूनं धरलेली आणि पुढचं टोक अधांतरी. ते टोक खाली झुकू बघतं, तेव्हा ताण येतो वरच्या अंगाला, भिंतीच्या कडेला. म्हणून गॅलरीत सळई वर. ती वर राहावी म्हणून खाली वाकवलेल्या सळईचे तुकडे ठेवतो, त्यांना चेअर म्हणतात. आदल्या संध्याकाळी ते सगळं मी स्वतः तपासून गेले होते. स्लॅबच्या दिवशी माझा पूर्ण्याला दुसरा स्लॅब होता. मी नव्हते, आणि भावकी होती.

गावात शिरले तेव्हा बल्ल्या जागेवर दिसल्या. मांडवाचे पाइप अंगणात पडलेले. ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या होत्या, त्यामुळे गाव भरलेलं. खाजाभाई कठड्याच्या सावलीत उकिडवे बसले होते. मला बघून ते उठून लांब गेले. गॅलरीखालून.

“तिथंच का बसला होता?”

“सावली व्हती, म्याडम.”

मुंजाजीराव आतून आले. हातात पत्रिकांचा गठ्ठा, कपाळाला आठ्या. “म्याडम, काल तुमीच म्हणलात काढा. आज म्हणता नका काढू. मंडपवाल्याला काय सांगू मी? नवरदेवाचं स्वागत ह्या बल्ल्याच्या जंगलात करू का?”

मी मोबाइल पुढे केला. “हा फोटो बघा.”

ते बघून हसले. “लय झकास आलाय ना?”

“तुम्ही सगळे कशावर उभे आहात?”

“गॅलरीवर.”

“सळयांवर. तुमच्या वजनानं त्या खाली बसल्यात. वर असायला पाहिजेत, त्या आता तळाला आहेत.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी उन्हातून आलेय म्हणून त्यांना माझी कीव आली. “म्याडम, सळई वर काय अन् खाली काय. लोखंड तर तेवढंच हाय ना आतमधी? कुणी काढून तर न्हाई नेलं?”

हा प्रश्न आजवर मला शंभर जणांनी विचारला असेल. उत्तर सोपं आहे, पण समोरचा माणूस लग्नाच्या घाईत असला की सोपं उत्तरही आत जात नाही. मी म्हटलं, “वरून दोन जागी थोडं फोडून बघू. सळई वर सापडली तर मी माफी मागून जाईन आणि तुम्ही आत्ता बल्ल्या काढा.”

“फोडायचं?” त्यांचा आवाज चढला. “परवा मेढ रोवलीय मी. मांडवाची मेढ रोवल्यावर घराला घाव घालतेत का? लग्नाच्या घराला छिन्नी लावायची म्हणजे... न्हाई. ते जमायचं न्हाई. लगीन होऊ द्या, मग काय ते करा.”

“लग्नात त्या गॅलरीवर कोण उभं राहणार?”

ते हातातला पत्रिकांचा गठ्ठा सारखा करायला लागले.

“परण्या बघायला बायका कुठे उभ्या राहणार, मुंजाजीराव?”

“तुमी अपशकुनी बोलायलाव,” ते म्हणाले आणि आत वळले.

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, एक पत्र लिहून द्यावं, जिम्मेदारी माझी नाही म्हणून, आणि निघावं. पत्र लिहून इंजिनिअर सुटतो. खाली उभा असलेला माणूस सुटत नाही. मी तिथेच उन्हात उभी राहिले.

तेव्हा फोटोतल्या त्या बाई बाहेर आल्या. मुंजाजीरावांची थोरली बहीण. सगळे आक्का म्हणायचे. हाताला ओली हळद. आतून सगळं ऐकलेलं दिसत होतं. सरळ माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, “मला सांगा. मला समजंल असं सांगा.”

मी म्हटलं, “आक्का, हात असा सरळ पुढे करा.” त्यांनी केला. जवळची पाण्याची कळशी मी त्यांच्या मनगटाला अडकवली. “ओढ कुठे लागते?”

“खांद्यावर. वरून.”

“गॅलरी म्हणजे हा हात. वरून जी शीर ओढून धरते, ती म्हणजे सळई. ती शीर काखेत सरकली तर?”

त्यांनी कळशी हळूच खाली ठेवली. “सगळ्यायला मीच वर बोलावलं हुतं,” त्या म्हणाल्या. “या म्हणलं, समदे या, एक फोटू काढू. नारळ बी टोकाला जाऊन मीच फोडला. म्हंजे आमीच बसवली का ती खाली?”

मला गोड बोलता येत नाही. “हो,” म्हटलं.

त्या खाजाभाईंकडे वळल्या. “तुमाला ठाव न्हवतं? तुमी तर तिथंच हुताव.”

खाजाभाई मान खाली घालून म्हणाले, “आक्का, मालकाच्या घरच्या बाया, पाव्हणे, हातात पूजेचं ताट. त्यायला कसं म्हणू खाली उतरा म्हणून? बरं दिसतं का? नंतर चार-दोन सळया हुकानं उचलल्या मी. मंग मिक्सर सुरू झाला, माल पडायलाच लागला. ऱ्हाऊन गेलं.”

मी तोंड उघडणार होते. पण त्या माणसावर ओरडून काय होणार होतं? अदब म्हणून तो गप्प बसला होता. आमच्याकडे अशा अदबीनं जितके स्लॅब बिघडलेत, तितके खराब वाळूनं बिघडले नसतील.

आक्का आत गेल्या. भावाशी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्या त्या हळद-कुंकवाचं ताट घेऊन. “छिन्नी आणा,” म्हणाल्या. खाजाभाईंनी छिन्नी आणि हातोडा आणून दिला. आक्कांनी दोन्हीला हळद लावली, कुंकू लावलं, वर एक अक्षता टाकली.

मुंजाजीराव दारातून म्हणाले, “हे काय करायलीस?”

“जात्याला हळद लावतो, उखळाला लावतो, तशी हिला लावली. आता ही तोडायची छिन्नी न्हाई. लग्नातलीच वस्तू झाली. बोल, आता काय म्हणणं हाय?”

भाऊ पत्रिका खाली ठेवून मागोमाग निघाला. गच्चीवर जाऊन पहिला घाव आक्कांनी घातला. हलकाच, शास्त्रापुरता. पुढचं खाजाभाईंनी केलं.

भिंतीच्या कडेशी, जिथे गॅलरी सुरू होते, तिथे पोळीएवढा खड्डा करायला सांगितला. गॅलरीची जाडी पाच इंच. वरून साधारण इंचभर खाली छिन्नीला लोखंड लागायला हवं. इंच गेला, काही नाही. दोन इंच गेले. खाजाभाई घामाघूम. मी वाकून बघत होते आणि मनात म्हणत होते, लाग बाई, आता तरी लाग. मला खरंच चूक ठरायचं होतं. चार इंचाला टण्ण आवाज आला. दुसऱ्या जागी तसंच. खात्रीसाठी तिसरीकडे पाहिलं, तिथे तीन इंचाला. ती बहुतेक हुकानं उचललेली.

मुंजाजीरावांनी खड्ड्यात बोट घालून सळई चाचपली. “हाय की,” म्हणाले. “लोखंड हाय.”

“आहे. पण चुकीच्या जागी. आत्ता गॅलरीला वरून धरणारं फक्त काँक्रीट आहे. भिंत पडायच्या आधी चिरते, निदान सांगते तरी. अशी गॅलरी सांगत नाही. रिकामी असताना वर्षभर सुद्धा उभी राहील, आणि माणसं भरली की जाईल.”

त्यांना ते पटलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं. पण बहीण शेजारी उभी होती. शेवटी असं ठरलं की लग्नापर्यंत बल्ल्या राहतील, मी सांगेन तिथे आणखी लावतील, मंडपवाला त्यांना कापड गुंडाळेल, आणि लग्नानंतर बघू. तोडायची हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. बल्ल्या भक्कम असतील तर वर कितीही माणसं उभी राहोत, वजन बल्ल्यांतून जमिनीत जातं. खाजाभाईंनी प्रत्येक बल्लीखाली लाकडी पाचर ठोकून ती घट्ट केली. मी एकेक हलवून बघितली. तरी परत येताना वाटेत दोनदा थांबून फोन केला, एकाही बल्लीला हात लावू देऊ नका म्हणून.

लग्नाला मी पाहुणी म्हणून जाणार नव्हते. पण घरी बसवेना. सकाळीच जाऊन पोचले. मांडव सुरेख सजला होता. बल्ल्यांना गुलाबी कापड, त्यावर झेंडूच्या माळा, मधे नवरदेवाच्या स्वागताचा बोर्ड आणि सोफा. मी बल्ल्या मोजल्या. सवय. एक कमी भरली. पुन्हा मोजल्या. मधल्या ओळीतली, पुढच्या टोकाची. तिच्या जागी सोफा होता.

मंडपवाल्याला गाठलं. “इथली बल्ली कुठाय?”

“मॅडम, फोटोच्या मधे येत होती. एकच काढलीय. बाकीच्या आहेत की.”

बँड ऐकू यायला लागला होता. परण्या पारावरून निघालेला. आणि वरून बांगड्यांचा, हसण्याचा आवाज. मी मान वर केली. गॅलरी गच्च भरली होती. नऊवारी, सहावारी, कडेवर लेकरं, कठड्यावर रेलून सगळ्या रस्त्याकडे बघतायत. मधोमध नवरीच्या हळदीच्या साडीत शीतल, मैत्रिणींनी धरून आणलेली. चोरून नवरा बघायला.

वर जाऊन उतरा म्हणाले असते तर जिन्यात चेंगराचेंगरी झाली असती. आणि वरून बायका हलल्या की धक्का बसतो, तो वेगळाच. मी सोफा ढकलला. एकटीला हलेना. खाजाभाई जेवणावळीकडे होते, त्यांना नावानं हाक मारली ती बहुतेक बँडच्या वर ऐकू गेली. ते धावत आले, हात खरकटे. मांडवामागे पडलेली बल्ली आणली, खाली फळीचा तुकडा, वर जागेवर धरली. पाचर सापडेना. मग त्यांनी स्वागताच्या बोर्डाची मागची पट्टी काढून तीच ठोकली. नवरदेव घोड्यावरून उतरत होता तेव्हा सोफा एका बाजूला तिरका पडला होता आणि गुलाबी कापडाशिवायची एक उघडी बल्ली बरोबर मधे उभी होती. मंडपवाला माझ्याकडे खाऊ का गिळू बघत होता.

मंगलाष्टकं होईपर्यंत मी त्या बल्लीजवळून हलले नाही. अक्षता सुद्धा तिथूनच टाकल्या. मुंजाजीराव मधेच येऊन म्हणाले, “म्याडम, लोक इचारायलेत, ह्या बाई कोण, खांबाला धरून उब्या हायत्या. जेवा की आता.” मी म्हटलं, बायका उतरल्या की जेवते. शेवटची बाई खाली आली तेव्हा बुंदी संपली होती.

लग्नानंतरच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “म्याडम, लगीन झालं. एवढ्या बाया नाचल्या, काय झालं? कायबी न्हाई. तुमचा मान राखला मी. आता बल्ल्या काढून टाकू.”

“नाचल्या त्या बल्ल्यांवर नाचल्या.”

“मी म्हणतो, एकदा बगू तर. तुमी म्हणता म्हणून चांगली गॅलरी तोडायची? पडंल कशावरून?”

इथे मी अडून बसू शकले असते. पण त्यांनी माझ्यामागे बल्ल्या काढल्या असत्या, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून म्हटलं, ठीक आहे, बघू. पण मी सांगते तसं. माणूस वर नाही, माणूस खाली नाही. वजन पाण्याचं.

गॅलरीला तीन बाजूंनी विटांचा कठडा होताच. चौथ्या बाजूला, गच्चीच्या कडेला, काळ्या मातीचा बांध घालायला सांगितला. मुंजाजीरावांना त्यात शिकवण्यासारखं काहीच नव्हतं, वाफे बांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. पाणी जायचं भोक बुजवलं. बोअरचा पाइप वर नेऊन बांधला. फूटभर पाणी म्हणजे बऱ्यापैकी गर्दी. दीड फूट म्हणजे लग्नातली, मुंगी शिरायला जागा नाही अशी. अंगणात दोरी बांधली आणि सगळ्यांना तिच्यामागे काढलं. खाजाभाईंनी टोकाकडून भिंतीकडे एकेक करत बल्ल्या काढल्या, शेवटच्या दोरीनं ओढून. सगळ्या निघाल्या.

गॅलरी उभी राहिली.

“बगा,” मुंजाजीराव म्हणाले.

“मी म्हटलंच होतं, रिकामी उभी राहील. मोटर सुरू करा.”

पाणी पडायला लागलं. गाव जमलं होतं. लोक दोरीमागे बसून तंबाखू मळत होते. कुणीतरी म्हणालं, म्याडम गॅलरीला आंघोळ घालायल्यात. हशा झाला. पाणी अर्धा फूट झालं. काही नाही. फूट झालं. काही नाही. कठड्याच्या विटांतून पाणी पाझरत होतं, तेवढंच. मुंजाजीराव खुर्ची आणायला सांगत होते, माझ्यासाठी. त्यांच्या आवाजात आता माया होती, आणि ती मला ओरडण्यापेक्षा जास्त बोचत होती.

वीसेक वर्षांचं काम, आणि मी दोरीमागे उभी राहून देवाला विनवतेय की हिला पाड. दुसऱ्याच क्षणी वाटायचं, न पडो, एवढा खर्च, एवढी हौस. सळई चार इंच खाली आहे हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मनात येत होतं, आपण उगीच एका लग्नघराला घोर लावला का?

पाणी फुटाच्या वर चढलं. कठडा घराच्या भिंतीला जिथे भिडतो तिथे मला केसाएवढी रेघ दिसली. आधी होती का? मी आक्कांना म्हटलं, “तिकडे बघा, फट दिसते का?” आक्कांनी डोळे बारीक केले.

त्या हो म्हणायच्या आत चर्र असा आवाज झाला. मोठा नाही. जाड कापड फाडावं तेवढाच. आणि गॅलरी गेली. अर्धी इकडे अर्धी तिकडे असं नाही, सबंध. भिंतीच्या कडेला बिजागरीसारखी मोडून खाली आली, कठडा अंगणात फुटला, पाण्याचा लोंढा दोरीपर्यंत आला आणि आमच्या सगळ्यांच्या चपला भिजल्या. पत्रा लटकावा तशी ती खालच्या सळयांना धरून भिंतीवर लोंबत राहिली. लोखंड होतं. तेवढंच होतं.

तंबाखू मळणारे हात तसेच थांबलेले. मोटर चालूच होती, पाणी आता सरळ अंगणात पडत होतं, लग्नात सोफा होता त्या जागी. ती बंद करायचं कुणालाच सुचेना.

आक्का हळूहळू म्हणायला लागल्या, “मी इकडच्या कोपऱ्यात हुते. माझ्याजवळ धाकली वयनी. तिच्या कडंवर लेकरू. मदी शीतल. शीतलच्या मागं...” त्या एकेक नाव घेत होत्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो घट्ट आवळला, पण नावं घ्यायची थांबल्या नाहीत.

मुंजाजीराव चिखलातून चालत गेले आणि मोटर बंद केली. तिथेच पाठमोरे उभे राहून त्यांनी फोन लावला.

“शीतल? हां. काय करायलीस? ... न्हाई, काई न्हाई. सहजच लावला. जेवलीस का?”

एवढंच बोलले.

गॅलरी पुन्हा बांधली. जुनी पूर्ण काढून, बीमला पकडून नव्यानं. सळई वर, चेअर्स दाट. ओतायच्या दिवशी मी पहाटेच हजर होते, पण माझी गरज पडली नाही. जिन्याच्या तोंडाशी आक्का पाट टाकून बसल्या होत्या. मिस्त्री आणि मजूर सोडून कुणाला पहिल्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हत्या. मजूर सुद्धा फळीवरून चालतायत ना, हे खालून ओरडून विचारत होत्या. भावकीतले एक काका पूजेचं ताट घेऊन आले, त्यांनाही त्यांनी जिन्यापाशीच अडवलं. खाजाभाईंनी त्या दिवशी दोन जणांना तोंडावर सांगितलं, उतरा म्हणून. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच झालं असावं.

नारळ अंगणात फोडला. फोटोही अंगणातच काढला, सगळे वर बघतायत असा. मला टॉवेल-टोपीऐवजी लुगडं मिळालं. मुंजाजीराव ते देताना म्हणाले, “म्याडम, सळई वर काय अन् खाली काय, असं परत म्हणणार न्हाई.”

तेव्हापासून माझ्या ड्रॉइंगवर सळयांच्या मापांखाली मराठीत एक ओळ असते. ‘नारळ खाली फोडावा, फोटो खाली काढावा.’ बरोबरीचे इंजिनिअर ती वाचून हसतात, असली टीप कुठल्या कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमांच्या पुस्तकात, आहे म्हणून विचारतात. कोडमध्ये नाही. कोड लिहिणाऱ्यांच्या स्लॅबवर आमची भावकी चढलेली नाही.